नळाच्या दिवशीची शाळा

टेंभखेडला मी दहा वर्षं मास्तरीण आहे. या दहा वर्षांत अख्खं गाव एकाच माणसाला वचकून असलेलं मी पाहिलं आहे. सरपंचाला नाही, तलाठ्याला नाही, मला तर मुळीच नाही. पुंजाजींना.

पुंजाजी म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीचे शिपाई. साठीचा सडपातळ माणूस, पांढरा पायजमा, डोक्याला गमछा आणि खांद्यावर कमरेइतकी उंच लोखंडी चावी. ही चावी रस्त्यातल्या खड्ड्यात घालायची, खालच्या वॉलवर बसवायची आणि चार वेढे द्यायचे, की त्या गल्लीत नळ येतात. गावाचे भाग चार : वरचा पुरा, खालचा पुरा, मारुतीकडची गल्ली आणि भीमनगर. प्रत्येकाला चौथ्या दिवशी पाणी, सकाळी सहाला. नळयोजना आली तेव्हापासून ही चावी पुंजाजींकडे आहे. मी सांगते आहे त्या काळात तिला तेवीस वर्षं होत आली होती. आज कोणाची पाळी, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते पुंजाजींच्या डोक्यात होतं, कारण पुंजाजींना लिहिता येत नाही. सही करतात, पण ती रांगोळी काढल्यासारखी, जीभ बाहेर काढून.

जानेफळपासून आठ किलोमीटर आत हे गाव. आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथी, मुलं अडतीस. पाचवीला जानेफळला जावं लागतं, आणि तिथेच माझं दुखणं होतं. मुलगे जातात. मुली चौथीनंतर हळूच घरात शिरतात आणि दोन वर्षांनी मला नळावर दिसतात. मी ओरडते, भांडते, पालकसभेत तोंड वाजवते. लोक चहा पाजतात आणि आपल्याला हवं तेच करतात.

म्हणून मी त्या वर्षी वैष्णवीवर नजर ठेवून होते. चौथीत जाणारी, वरच्या पुऱ्यातल्या गणेशची थोरली. ही पोरगी वाचायची म्हणजे काहीही वाचायची. खताच्या पोत्यावरचा मजकूर, एसटीच्या तिकिटामागची बारीक अक्षरं, माझ्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल. "मॅडम, हे थंड जागी ठेवायचं आहे," असं एकदा मला बजावून गेली. मी मनाशी ठरवलं होतं की बाकी काही होवो न होवो, ही मुलगी पाचवीला जानेफळला गेली पाहिजे. चौथीचं वर्ष नीट झालं तर बापाला सांगायला तोंड राहील. ते वाया गेलं, वाचन सुटलं, तर गणेश म्हणणार, आता काय करते शिकून. आणि नेमकं त्याच वर्षी शाळा बंद झाली.

करोनाचे ते दिवस सगळ्यांनाच आठवत असतील. मी मेहकरला माझ्या घरात कोंडलेली, गावाने रस्त्यावर बोराट्या टाकून बाहेरच्यांना बंदी केलेली, आणि वरून आदेश : शाळा बंद, शिक्षण सुरू. मी उत्साहाने पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला लिंका पाठवायला लागले. गणिताची लिंक, भाषेची लिंक, हात कसे धुवावेत याची लिंक. एका दिवशी मी सतरा लिंका पाठवल्या आणि स्वतःवर खूश होऊन पोहे केले. रात्री आठनंतर एकेक निळी खूण उमटायची. उत्तर म्हणून कोणी गुलाबाची फुलं पाठवायचं, कोणी हात जोडलेले. एकाने रिकाम्या बैलगाडीचा फोटो पाठवला, तो का, हे मला अजून कळलेलं नाही. मुलांनी सोडवलेलं एक उदाहरण महिनाभरात आलं नाही.

जुलैत रस्ता थोडा मोकळा झाला. मी अभ्यासाच्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन फाट्यावर जायला लागले. गावात शिरायचं नाही, फाट्यावरच्या पुलावर गठ्ठा ठेवायचा, तो पुंजाजी घेऊन जाणार. दोघांच्या तोंडाला गमछा आणि पदर, मध्ये सहा हात अंतर. तिसऱ्या का चौथ्या खेपेला त्यांनी मला विचारलं.

"म्याडम, तुमी शाळा कवा सोडता?"

"शाळा बंदच आहे की, पुंजाजीभाऊ."

"तशी नाई. मोबाईलवरची. किती वाजता सोडता?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा माणूस मोबाईलवरच्या शाळेबद्दल पाण्यासारखं बोलतो आहे. मी म्हटलं, दहाला सोडते.

"दहाले कोन रायते घरी? पोट्टं घरी रायते अन् मोबाईल वावरात रायते. तुमची शाळा तं वावरात जाऊन राह्यली." त्यांनी गठ्ठा काखेत मारला. "नळाच्या दिवशी सोडा. सकाळी सातले. नळाच्या दिवशी बाप घरी असते."

आणि ते खरं होतं. नळाला धार बारीक असते म्हणून घरोघर टिल्लू मोटर असते. ती बसवणं, तिचं पाणी धरणं, शेजाऱ्याने आधी ओढलं म्हणून भांडणं, ही पुरुषांची कामं. त्यामुळे ज्या भागाची पाळी, तिथला प्रत्येक बाप साडेआठपर्यंत घरी, आणि बाप घरी म्हणजे मोबाईल घरी. शिक्षणशास्त्राची पदविका घेतलेल्या बाईला जे चार महिने सुचलं नाही, ते या माणसाला चावी फिरवता फिरवता दिसलं होतं. मला थोडा राग आला, स्वतःचाच.

दुसऱ्या दिवसापासून शाळा पाण्यामागे चालायला लागली. आज भीमनगरला नळ, तर सकाळी सातला भीमनगरच्या मुलांना माझा फोन, नेट कमी म्हणून नुसता आवाज, एकेका वेळी चार घरं जोडून. उद्या मारुतीकडची गल्ली. सतरा लिंका मी बंद केल्या. एका दिवशी एकच धडा, आणि तोही एक ड्रम भरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. हे मापही पुंजाजींचंच. "त्याहून जास्ती लांबलं का बाप मोबाईल मांगते," ते म्हणाले. मोबाईल हातात धरायचा नाही, तांब्याला टेकवून ओट्यावर ठेवायचा, म्हणजे दोन्ही हात लिहायला मोकळे. उरलेले तीन दिवस त्याच धड्यावरच्या झेरॉक्सच्या कागदांवर अभ्यास. गावात ज्या सात घरी साधाच फोन होता, त्या मुलांना शेजारच्या ओट्यावर बसवायचं कामही पुंजाजींनी केलं. त्यांना नाही कोण म्हणणार? चावी त्यांच्याकडे.

वॉल सोडून ते गल्लीतून एक फेरी मारायचे, ओट्यावरचे मोबाईल मोजायचे, आणि मला फोन करायचे. "वरचा पुरा, सात. एक झोपेल होतं, उठवलं." मी आकडा ऑनलाइन तक्त्यात भरायची. महिन्याभरात अडतिसापैकी सव्वीस मुलं अभ्यासाला लागली. आमच्या केंद्राच्या ऑनलाइन बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक झालं. मी कॅमेऱ्यासमोर नम्र चेहरा करून बसले, आणि पुंजाजींचं नाव मात्र एकदाच, ओझरतं घेतलं. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

ऑक्टोबरात मी गावात गेले आणि सगळ्यांच्या वह्या गोळा केल्या. अडतीस वह्या घेऊन शाळेच्या ओट्यावर बसले. पहिल्या दहा-बारा पाहून जीव सुखावला. मग एक कोरी वही आली. मग आणखी एक. मी कोऱ्या वह्या बाजूला टाकत गेले आणि शेवटी त्या ढिगावरची नावं वाचली. एक मुलगा सोडला तर सगळ्या मुली.

वैष्णवीची वही त्यातच होती. अक्षर तेच मोत्यासारखं, पण सगळ्या वहीत एकच पान भरलेलं. झेरॉक्सच्या कागदावर मी प्रश्न दिला होता, 'तू सकाळी काय करतेस? पाच वाक्यं लिही.' तिने लिहिलं होतं :

'नळाच्या दिवशी मी पाणी भरते. आमच्या वरच्या पुऱ्यात धार बारीक आहे. भाऊ ओट्यावर मोबाईलची शाळा शिकतो. माझे पाणी भरून झाल्यावर मोबाईल वावरात जातो. मला मॅडमचा आवाज ऐकू येतो.'

मी ते पान दोनदा वाचलं. अडीच महिने मी त्या गल्लीत फोनवरून शिकवत होते, मागे हंड्यांचा आवाज येत होता, आणि मी वैतागून म्हणत होते, "जरा तो आवाज बंद करा हो!" तो आवाज माझ्या मुली करत होत्या. मोटर बापाची, मोबाईल बापाच्या खिशातला, आणि ड्रमपासून रांजणापर्यंत, रांजणापासून टाक्यापर्यंत हंडे वाहणं पोरींचं. आम्ही दोघांनी मिळून शाळेसाठी नेमका तोच तास निवडला होता, ज्या तासाला गावातल्या एकाही मुलीचे हात मोकळे नसतात. आणि मी बाई असून मला ते दिसलं नाही. गणेशच्या घरून भावाचा आवाज आला, की वैष्णवीही शेजारी बसली असेल असं मी धरून चालले होते. ओट्यावर बसून मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पुंजाजी आले. मी वही त्यांच्यापुढे धरली, मग आठवलं, आणि वाचून दाखवली. शेवटचं वाक्य ऐकून ते खाली बसले. चावी मांडीवर आडवी ठेवली.

"मी मोबाईल मोजले," ते म्हणाले. "समोर कोन बसेल हाये, थे पाह्यलंच नाई. घोळ माहा हाये, म्याडम."

"माझाही आहे."

त्यांनी चावीवरची माती नखाने काढली. मग म्हणाले, "माही कोकिळाबी पाचवीले गेली नाई."

कोकिळा त्यांची एकुलती एक मुलगी. नांदुऱ्याला दिलेली, तीन लेकरांची आई. मी तिला एकदोनदाच पाहिली होती.

"का नाही गेली?"

"पान्यापायी," एवढंच म्हणून ते उठले. मी आपलं समजून घेतलं, की घरोघरी जे होतं तेच. पुढे विचारलं नाही.

तीन दिवसांनी वरच्या पुऱ्याची पाळी. सकाळी सहाला लोक हंडे मांडून उभे, मोटरी बसवून तयार, आणि पुंजाजी वॉलच्या खड्ड्याच्या कडेला मांडी घालून बसलेले. चावी बाजूला आडवी. मी मेहकरला होते, पण त्या सकाळचा प्रत्येक शब्द मला निदान पाच जणांनी सांगितला आहे.

"सोडा ना बाबा," कोणीतरी म्हणालं.

"सोडतो. आधी शाळा. सहा ते सात शाळा, मंग पानी. पोरी ओट्यावर बसू द्या, मी मोजतो."

मग जो गोंधळ उठला! कोणाला वावरात जायचं होतं, कोणाला बँकेत. गणेश तर अंगावर धावून आला म्हणतात, "पुंजाजीबाबा, पानी तुमच्या बापाचं हाये काय बे?" वडीलधाऱ्याला बे म्हटल्यावर त्याची त्यालाच लाज वाटून तो दोन पावलं मागे गेला. पुंजाजी हलले नाहीत. सरपंच रामराव धोतर सावरत आले, त्यांनी मला फोन लावला. "म्याडम, तुमच्या शाळेपायी अख्खा पुरा पान्याविना कोल्ला बसला हाये इथं, काय लावलं हे?"

पाणी अडवलं म्हणून पुंजाजींची नोकरी जाऊ शकत होती, त्यांना आवरा असंच मी म्हणायला हवं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हटलं, "रामरावजी, फोन तसाच चालू ठेवा आणि कोणाच्या तरी तांब्याला टेकवा. मी शिकवायला सुरुवात करते."

आणि केली. वरच्या पुऱ्यातल्या पाच मुली, मागे हंड्यांची रांग, त्यामागे वैतागलेले पुरुष. मी अपूर्णांक शिकवले. एका ड्रमचा अर्धा, एका ड्रमचा पाव. वैष्णवीने पाचही उत्तरं बरोबर दिली. पाचव्या उत्तराला मागून एका बाईचा आवाज आला, "बरोब्बर हाये!" सातला पुंजाजींनी चावी फिरवली. पाणी आलं तसं भांडण विरघळून गेलं, आणि नोकरीबद्दल कोणी बोललं नाही.

ते वर्ष तसंच गेलं. सहा ते सात शाळा, सातला पाणी. पुंजाजी आता मोबाईल मोजायचे नाहीत, नावं सांगायचे. "वैष्णवी हाये. समता हाये. थ्या शेवटच्या घरची पोरगी नाई दिसत, पाहून येतो." मुलींच्या वह्या भरत गेल्या. हळूहळू काही आयाही ओट्याच्या कडेला टेकायला लागल्या, आणि मी काही चुकले तर आपसात कुजबुजायच्या. पुढच्या जूनमध्ये मी वैष्णवीचा चौथीचा निकाल लिहिला, दाखला तयार केला, आणि जानेफळच्या शाळेत नावही घातलं. गणेशने मुकाट सही दिली. शाळा कुठे उघडणार होती? सही द्यायला त्याचं काय जात होतं?

पण ऑक्टोबरात खेड्यांतले पाचवीचे वर्ग खरोखर उघडायचे ठरले. आदल्या आठवड्यात मी गणेशच्या घरी गेले. पुंजाजीही आले, न बोलावता, आणि उंबऱ्याशी बसले. वैष्णवी आतल्या दाराआड उभी होती. तिच्या पायाची बोटं मला दिसत होती.

"म्याडम, पोरगी हुशार हाये, मले समजत नाई काय?" गणेश म्हणाला. तो वाईट माणूस नाही, आणि तेच कठीण होतं. "पन बस हाये एकच, पावनेआठची. नळ परत सहाले आले तरी आमच्या पुऱ्यात पानी भरता भरता साडेआठ होते. सोयाबीन सोंगाले तिची माय साडेसहाले निंगते. मी मोटर सांभाळतो, मंग थ्रेशरवर जातो. हे पानी भरीन कोन? दर चौथ्या दिवशी शाळा बुडवून पाचवी होते काय, तुमीच सांगा."

"तुम्ही भरा," मी म्हटलं.

गणेश हसला. कुत्सित नाही, अगदी मनापासून, मी काहीतरी गमतीचं बोलल्यासारखा. "मी? हंडे?"

"वर्षभर राहू द्या घरी," तो पुढे म्हणाला. "मंग पाहू."

ते 'मंग पाहू' मी कित्येक वर्षं ऐकत आले होते. त्या दारातून परत आलेली एकही मुलगी मला आठवत नव्हती. मी तावातावाने बोलायला तोंड उघडलं, तर पुंजाजी उठून चालायला लागले होते. मला वाटलं, या माणसानेही हाय खाल्ली. दाराआडची बोटं दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दहा-पंधरा लोक जमलेले होते. पुंजाजींनीच सरपंचांना सांगून जमवलेले. मलाही निरोप होता. पुंजाजी उभे राहिले आणि म्हणाले, "पानी आता संध्याकाळी पाचले सोडू."

रामरावांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काऊन बाप्पा? तेवीस वर्ष झाले सकाळी हाये."

"हाव. टाकी भरते राती. सकाळी सोडलं काय अन् संध्याकाळी सोडलं काय, टाकीले काय समजते?"

"पन सकाळी काऊन होतं मंग?"

"पह्यल्या दिवशी सकाळी सोडलं म्हनून."

मग पुंजाजींनी आपला माल मांडला. सोंगणीचे, कापणीचे दिवस आहेत, सकाळी पाण्यापायी तुमचे दोन तास जातात, मजूर तोवर बांधावर बसून राहतात. संध्याकाळी घरी येता, आल्या आल्या पाणी भरा, हातपाय धुवा, मोकळे. लोकांना पटलं. सोंगणीच्या दिवसांत सकाळचे दोन तास कोणाला नको असतात? रामरावांनी महिनाभर करून पाहायचं ठरवलं. मुलींचं, शाळेचं, जानेफळच्या बसचं नाव पुंजाजींनी एकदाही काढलं नाही.

आणि संध्याकाळी पाचला बाया चुलीशी असतात, पोरी पावणेसहाच्या बसने यायच्या असतात, घरात रिकामा असतो तो वावरातून आलेला पुरुष. ही गोष्ट गावाच्या लक्षात यायला आठवडा लागला, आणि तोवर घडी बसून गेली होती. मी पुंजाजींना विचारलं, हे तुम्ही आधीच धरून चालला होता का? ते म्हणाले, "मले कायचं समजते म्याडम, मी तं अडानी मानूस." आणि गमछ्याने तोंड पुसलं, म्हणजे हसणं पुसलं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी लहान मुलांची पुस्तकं वाटायला टेंभखेडला गेले होते. वरच्या पुऱ्याची पाळी होती. पाच वाजलेले. पुंजाजींनी वॉल सोडला आणि पाऊण तासाने माझ्याबरोबर गल्लीतून निघाले. दोन्ही बाजूंना पुरुष हंडे घेऊन उभे होते, अवघडलेले, एकमेकांकडे न बघता. गणेशने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. त्याचा हंडा डचमळत होता, निम्मं पाणी पायावर. मला बघून त्याने मान फिरवली. मी पुस्तकांचा गठ्ठा सावरला. मला बोलायचं खूप होतं.

तेवढ्यात फाट्याकडून बसचा आवाज आला आणि थोड्या वेळाने वैष्णवी दिसली. निळा गणवेश, पाठीवर दप्तर, हातात जानेफळच्या शाळेतलं पुस्तक, आणि चालता चालता वाचणं चालूच. बापाजवळ येऊन थांबली. म्हणाली, "बाबा, हंडा कमरेवर घ्या. हातात सांडते." आणि घरात गेली. गणेशने हंडा कमरेवर घेतला.

पुंजाजींचं घर गल्लीच्या शेवटी. नवरात्रासाठी कोकिळा माहेरी आलेली होती, ती दारात उभी होती. बत्तिशीची, बापासारखीच सडपातळ, कमरेवर रिकामा हंडा. नळ आले की हंडा उचलायचा, ही लहानपणापासूनची सवय. ती बराच वेळ गल्लीकडे बघत असावी. वैष्णवी आत गेली त्या दाराकडेही तिने पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "माय सांगत होती, थ्या पोरीच्या शाळेपायी तुमी पान्याचा टाइम बदलला."

"हाव."

कोकिळाचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तवाबी बदलता येत होता काय?"

तेव्हा कुठे मला 'पान्यापायी'चा अर्थ लागला. कोकिळाची पाचवी ज्या पाण्यापायी गेली, ते पाणी सोडणारे पुंजाजीच होते. चावी त्यांच्याच खांद्यावर होती. सकाळी सहाला गाव त्यांच्यासमोर हंडे घेऊन उभं राहायचं, त्यात त्यांची पोरगीही असायची, आणि पावणेआठची बस फाट्यावरून निघून जायची. मला वाटलं ते काहीतरी कारण सांगतील. योजना नवी होती, नोकरी नवी होती, तेव्हा कोणी ऐकलं नसतं. ही सगळी कारणं खरीही असतील.

पुंजाजींनी चावी खांद्यावरून उतरवून भिंतीला टेकवली.

"येत होता," ते म्हणाले.

कोकिळाने कमरेवरचा हंडा काढला आणि बापाच्या हातात दिला.

"मंग भरा."

त्यांनी हंडा घेतला. तेवीस वर्षं सगळ्या गावाला पाणी सोडणारा तो माणूस नळापाशी उकिडवा बसला आणि हंडा धारेखाली धरला. वरच्या पुऱ्यात धार बारीक असते, हंडा भरायला वेळ लागतो. तो भरेपर्यंत कोकिळा ओट्यावर बसून राहिली.